भाड्याने आणलेले गंधर्व

पूर्वी दूध, वर्तमानपत्र आणि भिशी एवढ्यांचेच पैसे महिन्याच्या महिन्याला द्यावे लागत. आता गाण्याचेही द्यावे लागतात! आमच्या देवळीच्या घरी मोबाईलवरील गाण्यांची वर्गणी भरली, ती सातवीतल्या लेकीच्या हट्टामुळे. नाट्यसंगीत माझ्या मनातही नव्हते. पण माणसाने बाजारात मीठ आणायला जावे आणि अत्तराची कुपी घेऊन परतावे, तसे माझे झाले.

एका रविवारी पेपर तपासता तपासता मी शोधाच्या रकान्यात 'नाट्यसंगीत' एवढी अक्षरे टाइप केली. पाहतो तो काय! बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, छोटा गंधर्व, रामदास कामत— सारी मंडळी हजर! ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले. तेव्हा उघडलेला तो दरबार आता माझ्या तळहातावर भरला होता. त्यात आपली माणसे दिसली की ऊर अंमळ फुगतोच. १९६७ साली आलेले 'कट्यार काळजात घुसली' हे नाटक नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांचे, आणि त्यातले खाँसाहेब झालेले वसंतराव देशपांडे आमच्या विदर्भातल्या मूर्तिजापूरचे!

गंमत अशी, की इतके सारे मिळते, पण नाटक तेवढे मिळत नाही. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. 'वन्स मोअर' घेत रात्र जागवणाऱ्या नटाला तेवढ्यात सारे आटोपावे लागे. ते पद कोण कोणाला म्हणते, का म्हणते, याचा पत्ता नाही. लग्नाच्या पंगतीतले श्रीखंड डब्यातून घरी यावे, आणि लग्न कोणाचे हे मात्र कळू नये, असा प्रकार!

"बाबा, ही बाई कोण गाते?" लेकीने विचारले.

कोपऱ्यात वाती वळत बसलेली आई हसली. "बाई कुठची वं! बालगंधर्व हायेत ते."

मग तिने 'मानापमान' सांगायला घेतले. गरीब म्हणून धैर्यधराला झिडकारणारी श्रीमंताघरची भामिनी, वनमालेचे रूप घेऊन त्याच्याजवळ गेलेली भामिनी, आणि पैशाने मोठा पण काळजाने भित्रा असा लक्ष्मीधर. आईने बालगंधर्वांना पाहिलेले नाही. तिला हे सारे तिच्या वडिलांनी सांगितलेले. शेवटी ती म्हणाली, "१९११ साली याचा पहिला खेळ होता, त्याच दिवशी त्यांची लहानगी लेक गेली. तरी ते भामिनी होऊन उभे राहिले."

लेकीने गाणे थांबवले. "मग त्यांनी गायले कसे?"

आईने उत्तर दिले नाही. ती वाती वळत राहिली. थोड्या वेळाने लेकीने तेच पद पुन्हा लावले आणि या वेळी ते शेवटपर्यंत ऐकले.

त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही. वर्गणी थांबली तर ही गाणी आमच्या घरातून जातील. पण पैसे भरले की परत येतील. आईला आता पंच्याहत्तरावे लागले आहे. परवा तिला शेजारणीचे नाव आठवेना. ती जे सांगते त्याला वर्गणी नाही. मुदत मात्र आहे, आणि ती वाढवून देणारे दुकान कोठेच नाही.

म्हणून दुसऱ्याच दिवशी मी दोनशे पानी वही आणली. संध्याकाळी जेवणे झाली की आधी पद लावायचे, मग आजीने त्याच्या मागचे-पुढचे सांगायचे आणि नातीने लिहायचे, असा आमचा नेम झाला आहे. शुद्धलेखन तपासण्याचे काम तेवढे माझ्याकडे! वाचकहो, तुमच्याही घरात असे एखादे माणूस असेल. या दिवाळीत फराळाचे ताट पुढे ठेवून त्याला बोलते करा.

आमची तीन नाटके लिहून झाली. सध्या 'सौभद्र' चालू आहे. काल आईला मध्येच डुलकी लागली. त्यामुळे संन्याशाच्या वेषातला अर्जुन अजून सुभद्रेपाशी पोहोचायचा आहे.