दऱ्या आणि दर्या : एका संहितेचे स्थलांतर

संहिता एका प्रतीतून दुसऱ्या प्रतीत जाताना बदलते, हे पाठचिकित्सेचे मूलभूत गृहीतक होय. एकनाथांनी शके 1506 मध्ये (इ.स. 1584) ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती याच जाणिवेतून; आणि 1919 मध्ये सुरू होऊन 1966 मध्ये पूर्ण झालेली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची महाभारताची चिकित्सक आवृत्तीही याच जाणिवेवर उभी आहे. संगणकावरील उताऱ्याला मात्र ही शंका सहसा चिकटत नाही. तिथे लेखनिक नसतो, म्हणून हस्तदोषही नसावा, असे मानले जाते. एका निवृत्त प्राध्यापिकेचीही अशीच समजूत होती.

त्यांच्या दिवंगत मार्गदर्शकांची काही अप्रकाशित व्याख्याने 1996-97 च्या सुमारास टंकलिखित झाली होती. त्या संगणकीय फायली आणि त्यांची एक कागदी मुद्रितप्रत बाईंकडे होती. संपादनासाठी त्यांनी पहिली फाईल नव्या संगणकावर उघडली, तेव्हा पडद्यावर रोमी अक्षरे आणि विरामचिन्हे यांचा अर्थहीन पसारा दिसला. सरांचे वाक्य तिथे होते आणि नव्हतेही. त्या काळातील बहुतेक मराठी फाँट रोमी अक्षरांसाठी नेमलेल्या सांकेतिक जागांवर देवनागरीचे आकार बसवीत असत. संगणकाच्या लेखी ती रोमी अक्षरेच होती. फाँट हा केवळ वरचा वेष होता. चिन्हक आणि चिन्हित यांचे नाते यादृच्छिक असते, हे सोस्यूरचे प्रतिपादन बाईंनी वर्षानुवर्षे शिकवले होते. त्या यादृच्छिकतेचा इतका रोकडा प्रत्यय त्यांना पूर्वी आला नव्हता.

नवा फाँट निवडून उपयोग झाला नाही, कारण बदलायला हवा होता तो संकेत. जुन्या पद्धतीत ह्रस्व इकाराची वेलांटी दिसते त्या क्रमाने, म्हणजे व्यंजनाआधी नोंदवली जाई. युनिकोडमध्ये ती उच्चारक्रमाने, व्यंजनानंतर नोंदवली जाते. शिवाय प्रत्येक फाँटचा आराखडा वेगळा. त्यामुळे मूळ फाँटचे नाव शोधून त्याच फाँटसाठीचे परिवर्तक वापरणे एवढाच मार्ग होता. बाईंच्या एका विद्यार्थ्याने ते केले, मजकूर दोन-तीन प्रणालींतून फिरवला आणि स्वच्छ प्रत हाती दिली. "मॅडम, आता फक्त प्रस्तावना लिहायची," असे तो म्हणाला.

प्रस्तावना लिहिली गेली. व्याख्यानातील एका वाक्यात कवितेतील प्रतिमा 'दर्यांकडे' वळतात असे होते. मार्गदर्शकांच्या समीक्षेत समुद्र कधीच आला नव्हता. बाईंना यात त्यांच्या उत्तरकालीन विचाराचे एक नवे वळण दिसले आणि त्या अनुषंगाने त्यांनी दीड पान विवेचन केले. मुद्रितशोधनाच्या वेळी सहज म्हणून कागदी प्रत काढली, तर तिथे 'दऱ्यांकडे' असे होते. सर डोंगरांमधल्या खोलीविषयी बोलत होते. समुद्र त्यांचा नव्हता, आणि बाईंचाही नव्हता.

या पाठभेदाचे कारण क्षुल्लक वाटेल असे आहे. युनिकोडमध्ये हा अर्धा 'र' दोन प्रकारे नोंदवता येतो. एका प्रकारात 'र' आणि हलन्तचिन्ह यांच्यापुढे एक अदृश्य, शून्य रुंदीचे संयोजकचिन्ह असते. दुसऱ्यात नुक्तायुक्त 'ऱ'पुढे केवळ हलन्तचिन्ह येते. परिवर्तकाने पहिला प्रकार वापरला होता. पुढे मजकूर चिकटवताना कुठल्या तरी प्रणालीने ते अदृश्य चिन्ह निरुपयोगी समजून गाळले आणि उरलेल्या 'र'चा रफार झाला. 'आचाऱ्यांना' आणि 'आचार्यांना' हे उदाहरण शुद्धलेखनाच्या तासाला विनोदासाठी दिले जाते. इथे तोच भेद एका मृत व्यक्तीच्या विचारापर्यंत पोचला होता.

संक्रमणातील दोषांची प्रतवारी यावरून लावता येईल. युनिकोडच्या सर्वाधिक प्रचलित आठ-बिटी रूपात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते. ते पाश्चात्त्य संकेतानुसार वाचले गेले, तर एकाच्या जागी तीन असंबद्ध चिन्हे दिसतात. हे अपवाचन आहे; मूळ बाइट शाबूत असेपर्यंत योग्य संकेत निवडून ते दुरुस्त होते. देवनागरीला जागाच नसलेल्या संकेतात फाईल साठवली, तर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे येतात. हा लोप आहे. तो भरून येत नाही. तथापि हे दोन्ही दोष डोळ्यांना टोचतात. तिसरा दोष अर्थपूर्ण असतो, आणि म्हणूनच तो सर्वांत घातक ठरतो. भ्रष्ट पाठाला अर्थ लागला की वाचक त्याचा संशय घेत नाही, उलट त्याचे समर्थन रचतो. अर्थनिर्णयनाची सगळी शक्ती त्या वेळी प्रमादाच्या सेवेत उभी राहते.

बाईंनी ते दीड पान काढून टाकले. उरलेल्या व्याख्यानांसाठी त्यांनी एक शिस्त ठरवली. मूळ फाईलला हात न लावता तिची प्रत घ्यायची. आधी परिवर्तन, मगच चिकटवणे. चिकटवताना सजावट वगळून नुसता मजकूर घ्यायचा. साठवताना संकेत स्पष्टपणे निवडायचा. अर्धा 'र' सर्वत्र दुसऱ्याच प्रकाराने नोंदवायचा, म्हणजे अदृश्य चिन्हावर भिस्त राहत नाही आणि शब्दसूचीत एकच शब्द दोन ठिकाणी विखुरत नाही. शेवटी रफार असलेला प्रत्येक शब्द कागदी प्रतीशी ताडून पाहायचा. हे शेवटचे काम कोणत्याही यंत्राकडे सोपवता येण्यासारखे नव्हते, कारण 'दर्या' हा शब्द कोणत्याही कोशात शुद्धच ठरतो.

हस्तलिखिताच्या अखेरीस पुष्पिकेत लेखनिक आपले नाव, स्थळ आणि शक नोंदवीत असे. क्वचित चुकांबद्दल क्षमाही मागत असे. बाईंच्या संपादित प्रतीच्या शेवटी आता मूळ फाँटचे नाव, परिवर्तनाची तारीख आणि मजकूर कोणकोणत्या प्रणालींतून गेला त्याची नोंद आहे. तिच्याखाली एका ओळीत 'दऱ्यांकडे' हा पाठ आणि 'दर्यांकडे' हा पाठभेद दिला आहे. त्या पाठभेदापुढे त्यांनी लिहिले आहे : संपादिकेच्या प्रतीतील.