आरोळीवरून ओळखलेला गोल

सन २०२२ च्या हिवाळ्यात मी व माझी पत्नी अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायना राज्यातील मॉरिसव्हिल ह्या गावी कन्येकडे तीन महिने राहावयास गेलो होतो. गाव लहान, परंतु विमानतळ आणि रिसर्च ट्रँगल पार्क अगदी जवळ असल्यामुळे भारतातून आलेल्या मंडळींनी गजबजलेले. चर्च स्ट्रीट पार्कात क्रिकेटचे रीतसर मैदान आहे. त्याच सुमारास कतार देशात फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा भरली होती, आणि माझी खरी अडचण तेथूनच सुरू झाली.

माझे वडील बंधू, जे आज हयात नाहीत, लोद येथे राहत असत. मी रामलेचा. सन १९८६ पासून विश्वचषकाचा एकही अंतिम सामना आम्ही दोघांनी वेगवेगळ्या घरांत बसून पाहिला नव्हता. पूर्वी मी बसने जात असे, पुढे मुलगा मोटारीने सोडी. परंतु जाणे कधी चुकले नाही. मॉरिसव्हिलला निघताना बंधूंनी एवढेच विचारले, "आणि अंतिम सामना?" मी म्हणालो, "आता सगळे फोनवर दिसते. जी वाहिनी तुम्ही पाहाल तीच मी तिकडे पाहीन. समालोचकाची बडबडसुद्धा तीच ऐकू."

मुलाने माझ्या फोनवर आमच्याकडची वाहिनी बसवून दिलेली होती. मॉरिसव्हिलमध्ये ती उघडताच पडद्यावर अक्षरे उमटली, की हा कार्यक्रम आपण असलेल्या प्रदेशात उपलब्ध नाही. नातवाने कारण समजावून सांगितले. इंटरनेटच्या प्रत्येक जोडणीस एक क्रमांक असतो आणि तो कोणत्या देशातला हे यंत्रास कळते. सामने दाखविण्याचे हक्क देशवार विकले जातात. त्या वर्षी अमेरिकेत ते फॉक्स व टेलिमुंडो यांच्याकडे होते, भारतात जिओसिनेमावर सामने फुकट दिसत होते. आणि एका देशाचा हक्क दुसऱ्या देशात चालत नाही. शेतांना बांध असतात, तसे हे आकाशातील बांध!

हे बांध मुळात कोणी घातले याची मला उत्सुकता वाटली. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळेत फुटबॉलचा सामना थेट दाखविता येत नाही. १९६० च्या दशकात बर्नली क्लबचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांनी इतर क्लबांस पटवून दिले, की मोठे सामने घरबसल्या दिसू लागले तर लहान गावांतील मैदाने ओस पडतील. हेतू वाईट नव्हता. लहान क्लबाचा संसार दारावरच्या तिकिटांवरच चालतो. पुढे युरोपच्या फुटबॉल संघटनेनेही आपल्या अठ्ठेचाळिसाव्या कलमान्वये प्रत्येक देशास आठवड्यातून अडीच तास असे राखून ठेवण्याची मुभा दिली. करोनाच्या साथीत मैदानेच रिकामी होती, तेव्हा हा नियम शिथिल झाला आणि प्रेक्षक परत येताच तोही परत आला. (शब्बाथ पाळणाऱ्या आपल्या घरांत त्या वेळी दूरचित्रवाणी बहुधा बंदच असते, पण तो निर्बंध आपण आपल्या हाताने पत्करलेला.) गंमत अशी, की तोच सामना मॉरिसव्हिलमध्ये सकाळी दहा वाजता खुशाल दिसतो. मँचेस्टरमध्ये राहणारा माझा भाचा आपल्या गावच्या सामन्यात काय चालले आहे ते माझ्या नातवास फोन करून विचारी!

अमेरिकेतही असे निर्बंध होते. तेथील निराळ्या फुटबॉलचे सामने ज्या गावी होत त्याच गावी दाखवीत नसत, मग सर्व तिकिटे खपलेली का असेनात. हा जाच वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनाही होत असे. १९७३ साली काँग्रेसने कायदा करून तिकिटे संपल्यास सामना दाखविणे भाग पाडले. भारताने दुसरी वाट धरली. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता ठरविली, आणि २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण प्रसार भारतीस देणे खाजगी वाहिन्यांस बंधनकारक झाले. मात्र ही सोय देशात राहणाऱ्यांची. देश सोडून गेलेल्यांचा त्यात विचार नाही.

ह्या सगळ्यात मला मनापासून आवडली ती पोर्टस्मथची केरन मर्फी. ही बाई एक पब चालवी. इंग्लंडमधील वाहिनीचे दर परवडेनात, म्हणून तिने ग्रीक कंपनीचे कार्ड विकत घेतले आणि गिऱ्हाइकांस सामने दाखवू लागली. तिला दंड झाला. ती हटली नाही. लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयापर्यंत गेली. ४ ऑक्टोबर २०११ रोजी त्या न्यायालयाने, परदेशी कार्ड वापरण्यास देशवार बंदी घालणे युरोपीय कायद्यात बसत नाही, असा निर्णय दिला. पुढील वर्षी तिची शिक्षा रद्द झाली. तिने चोरी केली नव्हती. पैसे मोजले होते, फक्त शेजारच्या दुकानात.

नातवाकडे मात्र कोर्टकचेरीविना उपाय होता. "आजोबा, व्हीपीएन लावतो. दोन मिनिटांत तुम्हांला रामलेत नेऊन बसवतो. यंत्राला वाटेल तुम्ही घरीच आहात." सर्व मुले असेच करतात म्हणे. मी नको म्हणालो. याला सात्त्विकपणा समजू नये. आयुष्यात दोन देशांच्या कचेऱ्यांतून "आपण कोठले? सध्या कोठे राहता?" ह्या प्रश्नांची उत्तरे मी इतक्या वेळा लिहून दिली आहेत, की ते उत्तर खोटे देण्यास हात उचलला नाही. आजही माझे चुकले की बरोबर होते, हे ठरत नाही.

बंधूंना ते मुळीच रुचले नाही. "चाळीस वर्षांचा नेम मोडतोस, तोही एका यंत्राशी खरे बोलण्यासाठी?" असे म्हणून त्यांनी फोन ठेवला. दोन दिवस बोलणे नाही.

रविवार, १८ डिसेंबर. आमच्याकडे सकाळचे पावणेदहा, त्यांच्याकडे संध्याकाळची पावणेपाच. फोन वाजला. "चालू ठेव. तू तुझी वाहिनी लाव, मी माझी लावतो."

तेविसाव्या मिनिटास, आमच्या पडद्यावर मेस्सी अजून चेंडू ठेवीतच होता, तोच फोनमधून आरोळी आली. गोल! आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. सुमारे अर्ध्या मिनिटाने चेंडू जाळ्यात गेला. नातू म्हणाला, इंटरनेटवरचे चित्र तुकडे करून साठवीत साठवीत येते, म्हणून अँटेनाच्या मागे राहते. आणि व्हीपीएन लावले असते तरी आपण मागेच राहिलो असतो.

मला एकदम कूपरेज आठवले. रोव्हर्स कपाच्या दिवसांत आम्ही दोघे भाऊ उमरखाडीहून चालत तेथे जात असू. मोहन बागान, ईस्ट बंगाल असे कलकत्त्याचे संघ येत. खिशात पैसे असले तर आत, नाहीतर कुंपणाबाहेर. बाहेर उभे राहून ओरड्यावरून सामना ओळखावयाचा. नुसता हुकला की ओरडा चढून मध्येच पडे. गोल झाला की तो पडतच नसे. बंधू डोळे मिटून ऐकत आणि मला सांगत, "डाव्या बाजूने आले. आता मारील." मी त्यांच्या तोंडाकडे पाहून सामना पाहत असे.

मॉरिसव्हिलच्या दिवाणखान्यात तोच सामना पुन्हा सुरू झाला. ऐंशीव्या मिनिटास एम्बापेने एक गोल केला, दोन मिनिटांच्या आत दुसरा. पहिल्याचा ओरडा, दुसऱ्याचा ओरडा आणि आमच्या पडद्यावरचा पहिला गोल यांची अशी काही गल्लत झाली, की पत्नी स्वयंपाकघरातून "नक्की झाले किती?" असे विचारीत बाहेर आली.

जादा वेळातही बरोबरीच राहिली, तीन-तीन. पेनल्टी सुरू झाल्या आणि फोन शांत झाला. मला वाटले, तुटला. "भाऊ, आहात ना?" उत्तर नाही. मग उमगले, की माझी मजा जाऊ नये म्हणून ते तोंड दाबून बसले आहेत. अर्जेंटिनाच्या शेवटच्या पेनल्टीस माँटिएल पुढे आला, तेव्हा लोदला सगळे संपून गेले होते. बंधूंस निकाल ठाऊक होता. फोनमधून त्यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता. आमच्याकडे चेंडू जाळ्यात गेला, घरात आरडाओरडा झाला, आणि तेव्हाच ते बोलले.

"पाहिलास?"

"पाहिला, भाऊ."

"बरे. मी जेवायला बसतो."