पिवळी पडू दे हिरवळ

मार्च 2024 मध्ये बेंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने बागेला आणि गाडी धुवायला पिण्याचं पाणी वापरण्यावर बंदी घातली, 5,000 रुपये दंड लावला. तेव्हा मी त्या बंदीच्या विरोधात होते. गाडी आणि गवत एका पंक्तीत कसे बसवता, असं बनशंकरीतल्या शेजाऱ्यांशी तावातावाने भांडत होते. सिमेंटच्या या शहरात दारापुढे हिरवळ राखणं हे मला पुण्याचं काम वाटायचं.

मत फिरलं ते हिशेबाने. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. भर उन्हाळ्यात लॉन गच्च हिरवं ठेवायचं तर रोज पाचेक मिलिमीटर तरी लागतं. तीस चौरस मीटरला दीडशे लिटर! शहरात माणशी दिवसाला 135 लिटर, हा आपल्याकडचा निकष. शिवाय ते पाणी कावेरीचं: शंभरेक किलोमीटरवरून तोरेकाडनहळ्ळी, हारोहळ्ळी, तातगुणी असं टप्प्याटप्प्याने पंप करत सुमारे पाचशे मीटर वर चढवलेलं. ऑक्टोबर 2024 मध्ये पाचव्या टप्प्याचं रोज 77.5 कोटी लिटर पाणी वाढलं, तरी फेब्रुवारी 2025 मध्ये पुन्हा बंदी आलीच. या वेळी मला ती पटली.

युरियाचंही तेच. मूठभर फेकला की गवत तरारतं, मग लवकर कापावं लागतं, पाणीही जास्त मागतं. गवताने न घेतलेलं नत्र नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली झिरपतं, आणि आपल्या बोअरवेल त्याच जमिनीत आहेत. त्यापेक्षा कापलेलं गवत तिथेच पसरून ठेवावं. त्यातलं नत्र मातीत परत जातं.

आणि हरळी मरत नाही, हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. एप्रिलमध्ये पिवळ्या पडलेल्या पात्यांखाली बोटभर माती उकरून पाहिली, तर पांढऱ्या, टणक काशा तशाच होत्या, पेरापेरावर कोंब धरून. वळवाची एक सर झाली आणि आठवड्याच्या आत पाती वर आली. जे गवत दुष्काळात शेतात तग धरतं, त्याला अंगणात रोज कावेरी कशाला पाजायची?

झाडांची गोष्ट वेगळी. कढीपत्ता, जास्वंद, आंबा यांना भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी बुंध्याशी जरूर घाला. पण लॉनचा नळ मार्च ते मे बंद ठेवा आणि युरियाची पिशवी घरी आणूच नका.