साडेअकराचा शो

एक प्रश्न विचारतो, प्रामाणिकपणे उत्तर द्या. तुम्ही शेवटचा पिक्चर सलग, एका बैठकीत कधी पाहिलात? मध्ये पॉज न करता, व्हॉट्सॲप न बघता, 'उरलेला उद्या' असं न म्हणता?

माझं उत्तर द्यायला मला लाज वाटते. कारण ग्रुपमध्ये मी 'फिल्मी' म्हणून फेमस. कुठला सिनेमा कुणी डिरेक्ट केला, कुठलं गाणं कुठे शूट झालं, असल्या पैजा मी आजवर हरलेलो नाही. आणि हाच मी गेली दोन वर्षं बहुतेक सिनेमे डोंबिवली ते कुर्ला प्रवासात, हप्त्याहप्त्याने बघतोय. कितीतरी पिक्चरचे क्लायमॅक्स माझ्यासाठी घाटकोपर आणि कुर्ल्याच्या मध्ये झालेत. कुर्ला आलं की हीरो मरो नाहीतर जगो, आपण उतरायचं.

घरी वेगळीच कथा. बाबांचं वय सत्तर. कानाने कमी ऐकू येतं, त्यामुळे टीव्हीचा व्हॉल्यूम बेचाळीस. त्यावरून रोज वाद. शेवटी गेल्या दिवाळीत मी त्यांना मस्त वायरलेस हेडफोन आणले. घर एकदम शांत! काय भारी सोल्युशन काढलं, म्हणून मी स्वतःवरच खूश. मग एका रात्री बाबा कुठलातरी जुना पिक्चर बघताना मोठ्याने हसले. हेडफोन लावलेला माणूस हसतो ना, तसे, जरा जास्तच जोरात. हसता हसता त्यांनी आजूबाजूला पाहिलं. आई मोबाइलवर तिची सीरियल बघत होती, बायको टॅबवर, मी लॅपटॉपवर. घरात चार माणसं, चार स्क्रीन. बाबांनी परत टीव्हीकडे मान वळवली.

तेव्हाच ठरवलं, यांना थिएटरात न्यायचं. कुठल्या, ते बाबांनीच सांगितलं. "मराठा मंदिर. तो तुमचा शाहरुख अजून चालू आहे ना तिथे?"

आधी मेगाब्लॉक, मग मराठा मंदिर

रविवार, त्यात मेगाब्लॉक. दादरला उतरून, गाडी बदलून मुंबई सेंट्रलला पोचेपर्यंत सव्वाअकरा. एसटी डेपोसमोर मराठा मंदिर उभं आहे, १९५८पासून. 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे' २० ऑक्टोबर १९९५ला रिलीज झाला आणि इथे लागला, तो उतरलाच नाही. डिसेंबर २०१४मध्ये त्याने एक हजार आठवडे पूर्ण केले. कोरोनात सगळीच थिएटरं बंद होती तेव्हा तोही थांबला, मग पुन्हा सुरू झाला. २०२५मध्ये तीस वर्षं झाली. मी शाळेत जायच्या आधीपासून हा पिक्चर इथे चालू आहे!

आमच्या दोघांच्या तिकिटांच्या पैशांत मल्टिप्लेक्समधलं एक छोटं पॉपकॉर्नही आलं नसतं. लॉबीत बाबा थबकले. "मी सात वर्षांचा होतो. अण्णांनी इथे आणलं होतं, 'मुघल-ए-आझम'ला. पिक्चर काही आठवत नाही बघ. गर्दी आठवते. आणि अण्णांनी मला खांद्यावर घेतलं होतं, ते." 'मुघल-ए-आझम'चा प्रीमियर ५ ऑगस्ट १९६०ला याच थिएटरात झाला. त्यासाठी सिनेमाची रिळं सजवलेल्या हत्तीवरून आणली होती. पुढे तीन वर्षं तो इथून हलला नाही. म्हणजे ठाण मांडून बसायची या थिएटरला जुनीच सवय.

आत हजारावर खुर्च्या, भरलेल्या त्यातल्या थोड्याच. पण पब्लिक बघा: दुपारच्या एसटीला अजून वेळ आहे म्हणून बॅगा घेऊन बसलेले दोघेजण, कॉलेजची कपल्स, एक आख्खं कुटुंब डब्यासकट, आणि मागच्या रांगेत एकटेच बसलेले एक काका. पिक्चर सुरू होताच कळलं, त्यांना सगळे डायलॉग पाठ आहेत. शाहरुखच्या अर्धा सेकंद आधी ते बोलून मोकळे व्हायचे.

कबूल करतो, विसाव्या मिनिटाला माझा हात खिशाकडे गेला. बोटांना सवयच लागलीय. पण अंधारात मोबाइल काढला की आख्ख्या रांगेच्या तोंडावर उजेड पडतो, म्हणून हात परत घेतला. चाळिसाव्या मिनिटाला परत गेला. इंटरव्हलनंतर मात्र गेला नाही.

आणि मग लक्षात आलं. अनुपम खेरच्या एका सीनला थिएटर हसलं आणि बाबाही हसले. सगळ्यांबरोबर, त्याच सेकंदाला. घरी ते आधी माझ्याकडे बघतात, 'काय म्हणाला?' विचारतात, मी सांगतो आणि मग हसतात. खरं तर बरेचदा मी 'काही नाही हो' म्हणून विषयच संपवतो. इथे मोठ्या स्पीकर्समधून येणारा आवाज त्यांना स्वच्छ ऐकू येत होता. आणि जे निसटत होतं, ते आजूबाजूच्या हसण्यावरून, शिट्ट्यांवरून कळत होतं. तीन तास नऊ मिनिटांत त्यांनी मला एकदाही काही विचारलं नाही.

शेवटच्या गाडीच्या सीनला मागचे काका चक्क उभे राहिले. माहीत आहे हो सगळ्यांना, ती गाडी पकडणार म्हणून! तरी टाळ्या पडल्याच.

लॅमिंग्टन रोडवरचं नाणं

बाहेर आल्यावर बाबांची गुडघेदुखी कुठे गेली कोण जाणे. "घरी कशाला लगेच? टॅक्सी कर. तुला माझी मुंबई दाखवतो." त्यांनी फोर्टातल्या एका ऑफिसात चौतीस वर्षं नोकरी केली. म्हणजे, नोकरी केली आणि पिक्चर पाहिले.

टॅक्सी लॅमिंग्टन रोडने निघाली. आपल्या पिढीसाठी हा रस्ता म्हणजे हार्ड डिस्क आणि केबल. बाबांसाठी हा थिएटरांचा रस्ता. मिनर्व्हा, अप्सरा, नाझ... एकेक नाव ते खिडकीबाहेर बोट दाखवून घेत होते आणि मला तिथे फक्त दुकानं आणि टॉवर दिसत होते. 'शोले' १५ ऑगस्ट १९७५ला आला आणि मिनर्व्हात पाच वर्षांहून जास्त चालला. आज मिनर्व्हा नाही.

"वीस वर्षांचा होतो मी," बाबा म्हणाले. "ब्लॅकवाला 'दस का बीस' करत होता, मी कुठले देणार? तीन रविवार परत गेलो, चौथ्याला तिकीट मिळालं. सत्तर एमएमचा पडदा, स्टिरिओ साउंड. अमिताभने नाणं उडवलं ना, ते पडल्याचा आवाज असा आला की माझ्या शेजारचा वाकून खुर्चीखाली बघायला लागला."

"आणि तुम्ही?"

"मी त्याच्या आधीच वाकलो होतो."

मोठा आवाज म्हणजे फक्त कमी ऐकू येणाऱ्यांची सोय, असं मी धरून चाललो होतो. पण माणसं थिएटरात आवाजासाठीही जात होती. पुढे गिरगावात टॅक्सी सिग्नलला थांबली तेव्हा मी माझं ज्ञान पाजळलं. पहिला बोलपट 'आलम आरा' १४ मार्च १९३१ला इथल्याच मॅजेस्टिकमध्ये लागला. आज ते थिएटर नाही आणि त्या सिनेमाची एकही प्रिंट शिल्लक नाही. बाबा म्हणाले, "बघ. पडद्यावरचं माणूस पहिल्यांदा बोललं, ते ऐकायची आता सोयच नाही."

आईचं लिबर्टी

धोबीतलावला मेट्रो. एमजीएम या अमेरिकन कंपनीने १९३८मध्ये बांधलेलं. पहिला फिल्मफेअर सोहळा १९५४मध्ये इथेच झाला. २००६मध्ये त्याचं मल्टिप्लेक्स झालं. बाबांनी बाहेरूनच नमस्कार केल्यासारखी मान हलवली. तिथून चालत पाच मिनिटांवर लिबर्टी. १९४९चं, स्वातंत्र्यानंतरचं, म्हणून नावही तसलंच. पहिला पिक्चर मेहबूब खानचा 'अंदाज'.

लिबर्टीचं खातं मात्र आईचं. १९९४मध्ये 'हम आपके हैं कौन' इथे लागला आणि शंभर आठवड्यांहून जास्त चालला. आई चाळीतल्या सात बायकांबरोबर आली होती, मला आजीकडे सोपवून. निघताना तिने बजावलं होतं, "मला नाही त्या दगदगीत यायचं. पण लिबर्टीचा फोटो पाठव." पाठवला. मिनिटभरात उत्तर: 'आतला जिना दिसत नाही यात. आम्ही सगळ्यांनी त्याच्यावर उभं राहून फोटो काढलेला.' तो फोटो मी कधी पाहिलेला नाही. असा फोटो आहे, हेच मला त्या दिवशी कळलं.

तीनशे खुर्च्यांचं इरॉस

चर्चगेट स्टेशनसमोरचं इरॉस तुम्ही ओळखता. १९३८चं, लाल दगड आणि क्रीम रंग, केकसारखे थरावर थर. ओव्हल मैदानाच्या आसपासच्या आर्ट डेको इमारतींसह ते २०१८मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. मध्ये काही वर्षं बंद होतं. २०२४मध्ये पडदा पुन्हा लागला, पण आता आयमॅक्सचा. पूर्वी हजारावर खुर्च्या होत्या, आता तीनशेच्या आसपास.

मला वाटलं, बाबा हळहळणार. ते म्हणाले, "चालू आहे ना? मग झालं. हजार खुर्च्यांचं बंद थिएटर काय कामाचं?" मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. नॉस्टॅल्जिया हा बहुधा आपल्याच पिढीचा छंद असावा. ज्यांनी ते दिवस खरंच जगलेत, त्यांना पुढचा शो किती वाजता आहे, एवढंच हवं असतं.

जिथे गाडी पहिल्यांदा आली

मग रीगल. १९३३मध्ये लॉरेल-हार्डीच्या सिनेमाने उघडलेलं, एअरकंडिशन्ड. "एप्रिल-मे महिन्यात पिक्चर कुठलाही चालायचा," बाबा डोळा मारत म्हणाले. "एसी महत्त्वाचा!"

तिथून काळा घोड्याकडे चालत गेलो. मला त्यांना एक इमारत दाखवायची होती: वॉटसन्स हॉटेल, आताचं एस्प्लनेड मॅन्शन. ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडहून आणून उभारलेलं. इतकं मोडकळीला आलं की २०१९मध्ये भाडेकरूंना बाहेर काढावं लागलं. ७ जुलै १८९६ या दिवशी, तिकीट एक रुपया, इथे ल्यूमिएर बंधूंच्या फिल्म्स दाखवल्या गेल्या. भारतातला पहिला सिनेमाचा खेळ. त्यातल्या एका फिल्ममध्ये स्टेशनात गाडी येते. बास, एवढंच. आवाज नाही, स्टोरी नाही, गाडी येते.

बाबा चौतीस वर्षं या भागात होते, कितीदा इथून गेले असतील, पण हे त्यांना ठाऊक नव्हतं. बराच वेळ वर बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे पहिल्या दिवशीही गाडीच. आणि आज सकाळीही गाडीच."

"हो, पण तेव्हा आवाज नव्हता."

"कसा नव्हता? लोक होते ना!"

यावर मला काही सुचलं नाही. दिवसभर मी पडदे, खुर्च्या, साल असं मोजत होतो. बाबा मात्र शेजारी कोण होतं, ते सांगत होते. अण्णांचा खांदा. खुर्चीखाली वाकलेला तो अनोळखी माणूस. आईच्या सात मैत्रिणी. मी इतके सिनेमे पाहिलेत, पण ते बघताना शेजारी कोण होतं असं कुणी विचारलं, तर माझ्याकडे चार-पाच नावंही निघणार नाहीत. लोकलमध्ये शेजारी माणसं खच्चून असतात, पण माझ्या कानांत बोळे.

परतीच्या गाडीत बाबांना खिडकी मिळाली आणि ते झोपून गेले. मी मोबाइल काढला. परवाचा अर्धवट राहिलेला सिनेमा होता, पस्तीस मिनिटं शिल्लक. नाही लावला.

रात्री जेवण झाल्यावर बाबांनी सवयीने हेडफोन उचलले. म्हटलं, "राहू द्या. असाच लावा." व्हॉल्यूम बेचाळीस. आई आतून ओरडली, "अहो, शेजारी काय म्हणतील?" आणि मग तीही हात पुसत बाहेर येऊन बसली.

जायचं असेल तर

मराठा मंदिर: मुंबई सेंट्रल स्टेशनवरून चालत, एसटी डेपोसमोर. 'डीडीएलजे'चा शो सकाळी ११.३०चा. निघण्याआधी शो आहे ना, याची खात्री करून घ्या. रविवारी मेगाब्लॉकही बघून घ्या.

मेट्रो, लिबर्टी, इरॉस, रीगल आणि एस्प्लनेड मॅन्शन: पाय धड असतील तर चालत दोन तासांत आरामात. बरोबर ज्येष्ठ मंडळी असतील तर टॅक्सी करा आणि पुढच्या सीटवर त्यांना बसवा. गाइडचे पैसे वाचतील.