खामगावची चांदी, फिल्मवरची चांदी

खामगावला सगळे ‘रजतनगरी’ म्हणतात. दसरा-दिवाळीला बाहेरगावची गिऱ्हाइकं ताटं, निरांजनं, मूर्ती घ्यायला इथे येतात. दुकानात लखलखाट असतो. वस्तू जिथे घडते तिथे मात्र उजेड बेताचाच हवा असतो. फिल्मचा कॅमेरा घेऊन आलेला छायाचित्रकार पहिली चूक इथेच करतो: दिवा लावायला सांगतो.

तो अंधार कारागिराचं अवजार आहे. ठोकून ठोकून चांदी कडक होते आणि तशीच ठोकत राहिलं तर तडकते. म्हणून ती मधूनमधून तापवून मऊ करावी लागते. किती तापली, हे कारागीर रंगावरून ओळखतो; मंद तांबूस झाक आली की पुरे. भर उजेडात ती झाक दिसत नाही, आणि आच वाढत 962 अंश सेल्सियसपर्यंत गेली तर चांदी वितळते. दिवा लावला की फोटो मिळेल, पण टिपायचं ते कामच थांबेल.

मग उरतो जाळ आणि खिडकीतून तिरपा येणारा उजेड. 400 आयएसओची कृष्णधवल फिल्म 1600 ला वापरायची, लेन्स एफ/2 वर उघडायची, शटर 1/30 सेकंदावर ठेवायचं आणि पुढे डेव्हलपरमध्ये फिल्मला जास्त वेळ द्यायचा. दाणा वाढतो, सावल्यांतला तपशील जातो. जाऊ द्यावा. वर उचललेली हातोडी क्षणभर थबकते, तेव्हा ती स्पष्ट मिळते. खाली येताना धूसर होते, आणि मला ती धूसरच हवी असते.

खरी परीक्षा चकाकीची. काचेवरची, पाण्यावरची झळाळी पोलरायझर कमी करतो. उघड्या धातूपुढे त्याचं फारसं चालत नाही. फ्लॅश मारला तर ताट तो आरशासारखा परत फेकतं: एक पांढरा डाग, बाकी काळोख. त्यापेक्षा खिडकीवर पांढरं धोतर टांगावं. चांदी तो मवाळ पांढरेपणा अंगावर घेते आणि नक्षीचा उठाव दिसू लागतो. उजेड मोजायचा तो कारागिराच्या हातावर, चांदीवर नव्हे.

कलावंत आणि कॅमेरा यांची गाठ या जिल्ह्यात जुनी आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला 1844 मध्ये नेमलेला मेजर रॉबर्ट गिल पुढे छायाचित्रणाकडे वळला. खामगावच्याच जिल्ह्यातल्या लोणारच्या देवळांचीही छायाचित्रं त्याने काढली. त्याच्या तैलरंगातल्या बहुतेक नकला 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या आगीत जळाल्या. जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह 1864 मध्ये पुस्तकरूपाने आलेली छायाचित्रं राहिली. त्या काळी काचेवर कलोडियन पसरून ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवत आणि बहुधा ओली असतानाच टिपून, धुऊन काढत.

आजच्या कृष्णधवल फिल्मचाही जीव चांदीतच आहे. जिलेटिनच्या थरात चांदीच्या क्षारांचे कण असतात. उजेड लागलेल्या कणांची डेव्हलपरमध्ये धातुरूप चांदी होते. उरलेले क्षार हायपो नावाचं रसायन विरघळवून नेतं. हायपोचा हा गुण जॉन हर्शेलने 1819 मध्येच ओळखला होता. वापरलेल्या हायपोतून आणि जुन्या एक्स-रे फिल्ममधून आजही चांदी काढली जाते.

धुऊन वाळलेली निगेटिव्ह खिडकीशी धरली, की अंधारातला कोपरा जवळजवळ कोरा दिसतो. ताट जिथे सर्वांत जास्त चकाकलं होतं, तिथे काळीकुट्ट चांदी साचलेली असते.