शहाण्णव बाइटांचा हिशेब

एका परिषदेच्या निमित्ताने वाराणसीस गेलो होतो. दशाश्वमेध घाटावरील संध्याकाळच्या आरतीला अजून तासभर अवकाश होता. सोबतच्या तरुण संशोधक विद्यार्थ्याने पायरीवरच लॅपटॉप उघडला. लिनक्स कर्नेलमधील एका ड्रायव्हरचे शहाण्णव बाइट त्याने वाचवले होते. "सर, हा पॅच पाठवू का?" एवढाच त्याचा प्रश्न.

प्रश्न लहान असला तरी एकट्याचा नव्हे. सप्टेंबर २०२५ मध्ये 'विक्रम ३२०१' हा भारतीय बनावटीचा ३२-बिट प्रोसेसर सादर झाला. प्रोसेसर आपल्याकडे घडू लागले, की त्यांच्याभोवतीच्या उपकरणांचे ड्रायव्हरही आपल्यालाच लिहावे लागतील.

माझे पहिले उत्तर नकारार्थी होते. कर्नेल मेमरीचे वाटप बहुधा ४०९६ बाइटांच्या पानांनी करतो. ड्रायव्हरचा ५००० बाइटांचा एखादा विभाग ४९०४ बाइटांवर आला, तरी त्याला दोन पाने लागतातच. "पण अशी यंत्रे कोट्यवधी असतील," तो म्हणाला. दहा कोटी धरली, तर ९६० कोटी बाइट होतात. मात्र ही बेरीज कागदावरच होते. एकाही यंत्रात एक पानसुद्धा मोकळे होत नाही. उलट, पॅच वाचणाऱ्याचा वेळ खराखुरा खर्च होतो, आणि पुष्कळदा ते उपकरण त्याच्यापाशी तपासणीसाठी नसतेही.

माझ्या नकारामागे जुनी जखम होती. पीएचडीच्या काळात प्रयोगाचा डेटा नोंदवणाऱ्या कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये मला एक चमत्कारिक ओळ आढळली. रजिस्टरमध्ये लिहायचे, तेच लगेच वाचायचे आणि वाचलेली किंमत टाकून द्यायची. निरुपयोगी समजून मी ती काढली. काही बाइट वाचले, मला समाधान वाटले. पीसीआय मार्गावर पाठवलेले लेखन वाटेत थांबू शकते आणि त्यामागून केलेले वाचन त्याला पुढे ढकलते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. प्रारंभाचा संकेत अधूनमधून काही मायक्रोसेकंद उशिरा पोहोचू लागला. तीन रात्रींची मोजमापे टाकून द्यावी लागली. दोष सर्वस्वी माझा होता.

हे सांगून झाल्यावर मी त्याचा पॅच नीट वाचला आणि वरमलो. त्याने काहीच काढले नव्हते. बारा फंक्शनांचे पत्ते असलेल्या एका तक्त्यापुढे 'कॉन्स्ट' हा शब्द तेवढा लिहिला होता. प्रत्येक पत्ता ८ बाइटांचा, म्हणून शहाण्णव. ते बाइट लिहिता येणाऱ्या विभागातून केवळ वाचता येणाऱ्या विभागात गेले होते. एकूण आकार होता तेवढाच! बचत नव्हतीच, लाभ निराळा होता. कर्नेल चालू असताना ते पत्ते बदलून भलतेच काही चालवून घेणे आता हल्लेखोराला फार अवघड जाणार होते. आम्ही तासभर चुकीच्या राशीवर वाद घालत होतो.

लहान आकार कधीच मोलाचा नसतो, असे मात्र नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हॉयेजर-१ कडून अर्थपूर्ण माहिती येणे थांबले. मेमरीतील एक चिप निकामी झाली होती. तेथील कोड सलग मावेल एवढी जागा अन्यत्र नव्हती. एप्रिल २०२४ मध्ये अभियंत्यांना त्याचे तुकडे करून ते निरनिराळ्या ठिकाणी बसवावे लागले. तेथे प्रत्येक बाइटाला किंमत होती.

दशाश्वमेधाला लागूनच मानमंदिर घाट आहे आणि तेथील छतावर सवाई जयसिंहाची वेधशाळा. कोनाचे बारीक विभाग डोळ्यांना वाचता यावेत म्हणून त्याने दगडी यंत्रे मोठी बांधली. भौतिकशास्त्राच्या पहिल्या प्रात्यक्षिकात आपण हेच शिकतो: फरकाविषयी बोलण्याआधी मोजपट्टीवरची सर्वांत लहान खूण पाहावी. आमच्या वादात ती खूण ४०९६ बाइटांची होती, आणि व्हॉयेजरवर फार बारीक.

विद्यार्थ्याने पॅचचे शीर्षक बदलले, बाइटांचा उल्लेख गाळला आणि सुरक्षिततेचे कारण लिहिले. पाठवला मात्र नाही. "आधी प्रयोगशाळेत कार्डावर चालवून बघतो," म्हणाला. माझ्या तीन रात्री अगदीच वाया गेल्या नाहीत, असे त्या क्षणी वाटले.