दोन चिंचोके

बाळ पोटात असताना त्याच्या रक्तात जे हिमोग्लोबिन असतं, ते जन्मानंतर काही महिन्यांत ओसरतं. सिकलसेलच्या काही रुग्णांत मात्र ते बऱ्यापैकी टिकतं आणि लाल पेशींचे विळे होऊ देत नाही. मग ते भरपूर असूनही एखाद्याची हाडं वारंवार का ठणकतात? नागपूरच्या प्रयोगशाळेत मी या प्रश्नावर पीएचडी करतेय. रक्ताचे नमुने येतात गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातून.

तिथल्या एका आजींनी नातवाचा हात पुढे करण्याआधी विचारलं, “मागं रक्त घेऊन गेले, त्याचा रिपोर्ट कुठं हाय?” ते पथक दुसरं होतं, पण प्रश्न मला लागू होताच. याच जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी लोकांना सोबत घेऊन संशोधन केलं. गावातल्याच बायकांना शिकवून घरी नवजात बाळांची काळजी घेतली, तर त्यांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटतात, हे १९९९ साली त्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. ते वाचूनच मी या वाटेला आले होते.

आजींच्या त्या प्रश्नापासून रिपोर्ट द्यायला मी स्वतः जाते. देणं सोपं, समजावणं अवघड. ‘एएस पॅटर्न’ म्हणजे वाहक, तो आजारी नसतो, ‘एसएस’ला आजार. इतकं सांगून भागत नाही, कारण दोष सुनेवर जातो. एका घरी सासूबाई तेच बोलत होत्या. आमच्या आशाताईंनी चिंचोका फोडून त्याच्या दोन डाळी त्यांच्या हातात दिल्या. “ही तुमच्या लेकाची, ही सुनेची. दोघंही एएस. टाका.” दोन्ही पांढऱ्या पडल्या तर बाळ एसएस, दोन्ही काळ्या तर निरोगी, एकेक पडली तर वाहक. सासूबाई टाकत राहिल्या. दुसऱ्यांदा लगेच पांढऱ्या पडल्यावर दचकल्या. चारातलं एक आजारी झालं की पुढची तीन सुटली, असं त्यांना वाटत होतं. दर बाळंतपणाला डाव नव्यानं पडतो, हे हातानं कळलं. मुलाची डाळ त्यांनी बराच वेळ निरखली. सुनेला मात्र काही बोलल्या नाहीत. आनुवंशिकीचा इतका चोख तास मी विद्यापीठात ऐकलेला नाही.

त्याच ओसरीवर सुनेनं सांगितलं, “रोवणीत पोराचं दुखणं वाढते.” गार पाणी आणि दिवसभराची दमछाक यांनी पेशी अडकतात, हे पुस्तकात आहे. पण चिखलात किती तास उभं राहिलात, हे आमच्या अर्जात कोणी विचारलंच नव्हतं. आता तो रकाना आहे, आणि वेदनेची नोंदवही आशाताईंकडे असते. पोटातलं ते हिमोग्लोबिन वाढवणाऱ्या हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या सुरू असलेल्यांची नोंद वेगळी होते. गोळी संपली असेल तर आशाताई आधी आरोग्य केंद्रात फोन करतात, मग मला.

मार्गदर्शकांना शोधनिबंध दिवाळीपर्यंत हवाय. मी यंदाची रोवणी आटपेपर्यंतच्या नोंदी मागितल्या आहेत.